नाक्याचा दांडा

ग्रामसभेच्या वहीत मी लिहिलं:
कवेलू, नऊशे चाळीस, जुन्या शाळेचे.
पैकी फुटके किती, ते मोजायचं राहिलं.
शाळेवर स्लॅब पडला तेव्हापासून
ते मागच्या भिंतीला टेकून होते,
विंचवांच्या पिढ्या सांभाळत.

या रानातलं उभं झाड तोडायचं नाही
हा ठराव चौदा वर्षांपूर्वीचा.
तेव्हा इथं रान नव्हतंच.
उघडा मुरूम, थोडा तरोटा,
बकऱ्यांनी चाटून साफ केलेली टेकाडं.
ठराव आधी झाला, झाडं नंतर आली.
पळसाच्या बुडख्यांना आतून आठवत असावं;
चराई थांबली तसे
धावडा, चार, भेरा, टेंभरून
आवतन नसताना पंगतीत बसावं
तसे येऊन बसले.

मग खांब कुठून आणायचे?
छोट्या रेल्वेचे स्लीपर, बारा,
वडशाच्या भंगारवाल्याकडून, किलोच्या भावानं.
झिंगरू कोडापेनं एकेक हुंगून घेतला.
डांबराखाली अजून झाडाचा वास आहे, म्हणाला.
त्याच्या बापानं त्याच रुळांवर खडी टाकली होती
हे तो म्हणाला नाही,
त्याच्या बायकोनं सांगितलं मला, पाणी देताना.

कवेलूंखाली मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स अंथरला.
एक हसरा चेहरा आता उताणं झोपलं की दिसतो,
हात जोडलेला, कवेलूंचं ओझं पाठीवर.

पायाच्या एका कोपऱ्यात मोहाचं रोप निघालं,
गुडघ्याएवढं. पाया वळवला.
तिथं हे घर जरा चुकल्यासारखं दिसतं.

आढ्यासाठी मात्र लांब काही मिळेना.
तेव्हा पोरांनी ओढत आणला
फाट्यावरच्या बंद नाक्याचा लोखंडी दांडा,
लाल-पांढरे पट्टे उडालेले,
टोकाला दगड टांगायची कडी तशीच.
अठरा फूट. मापानंच केल्यासारखा.

पर्बताबाई होळी झाडाखालून उठून आली.
हात लावला नाही, नुसती पाहत राहिली.
या दांड्यापुढं एकदा अख्खी दुपार,
पाठीशी लेकरू, डोक्यावर मोळी,
आणि मोळी खाली ठेवायची नाही असा हुकूम.
एकदा कोयता गेला, पावती न मिळता.
"डोस्क्यावर नोको," ती म्हणाली.
"लय दिस होता डोस्क्यावर."

कुणी म्हणालं, भंगारात घालू.
कुणी म्हणालं, मग अठरा फूट आणता कुठून.
झिंगरू कानावरची पेन्सिल काढत राहिला,
पुन्हा कानावर ठेवत राहिला.
"मंग बुडाखाली घाला,"
म्हणाली बाई, आणि हसली
उरलेल्या दोन दातांनी.

आढं शेवटी राइस मिलच्या दोन पाइपांचं झालं,
मधे जोड देऊन.
झिंगरूला तो जोड अजून पटलेला नाही.
दांडा खाली, स्लीपरच्या तुकड्यांवर, आडवा.
गोल आहे, फार वेळ बसवत नाही.

दार केलं नाही.
जमीन सारवून ओली होती त्याच रात्री
अस्वल येऊन गेलं.
त्याचं पाऊल बुजवायचं की ठेवायचं
यावर सभा बोलावली नाही कुणी,
आणि बुजवलंही नाही.

वैशाखात तेंदूपत्ता चालू असताना
भरदुपारी अंधारलं, गारा सुरू झाल्या.
तेवीस बाया धावत आत आल्या,
मागच्या साली याच वेळी
आम्ही एका टेंभरनीखाली होतो
आणि वीज पलीकडच्या झाडावर पडली होती.
पर्बताबाई शेवटी आली, सावकाश.
पानांचं गाठोडं दोन्ही हातांनी उतरवलं,
दांड्याच्या पुढ्यात ठेवलं,
आणि दांड्यावर बसली,
पाय हलवत, पोरीसारखी.
कुणी काही बोललं नाही.
गारांपुढं ऐकूही आलं नसतं.

फुटके कवेलू किती
ते त्या दुपारी कळलं.
वहीत लिहिलं: सतरा.